हौशी नाटकाचा प्रेक्षक: प्रयोग कसा पाहावा आणि दुसरा प्रयोग लागावा म्हणून काय करावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: शहरातल्या हौशी संस्थांची नाटकं पाहायला आवडतात, रंगमंचावर उभं राहायचं नाही, आठवड्याला तीन-चार तास आणि थोडे पैसे देता येतील. तर तिकीट काढण्यापलीकडे काय केलं म्हणजे संस्थेला खरा आधार होईल? आणि व्यावसायिक नाटकांची सवय झालेल्या माणसाने हौशी प्रयोग पाहावा तरी कसा?

आधी एक गोष्ट सांगतो, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हौशी संस्थेला पहिल्या प्रयोगासाठी माणसं मिळतात. नातेवाईक येतात, ऑफिसातले येतात, आणि स्पर्धेची तारीख ठरलेली असली की नाटक उभं राहतंच. अडतं ते दुसऱ्या प्रयोगाला. दीड-दोन महिने रोज रात्री तालीम करून बसवलेलं नाटक एकदाच होतं आणि महिन्याभरात त्याच्या नेपथ्याचे खिळे उपसलेले असतात. म्हणून आपला वेळ आणि पैसा कुठे घालायचा हे ठरवताना एवढंच विचारा: यामुळे दुसरा, तिसरा प्रयोग लागायला मदत होईल का?

असं का होतं तेही बघू. महाराष्ट्रात हौशी नाटकाचं वर्ष बऱ्याच अंशी स्पर्धांवर चालतं. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासूनची. सांस्कृतिक कार्य संचालनालय ती घेतं. साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात राज्यभरातल्या केंद्रांवर प्राथमिक फेरी होते आणि तिथून निवडलेली नाटकं अंतिम फेरीला जातात. महाविद्यालयीन एकांकिकांसाठी पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून चालत आली आहे, आणि तिच्यामागून गावोगावी कितीतरी करंडक आले. या स्पर्धांनी मराठी रंगभूमीला लेखक, दिग्दर्शक, नट, तंत्रज्ञ दिले. त्याचबरोबर एक सवयही लावली: नाटक परीक्षकांसमोर एकदा झालं की ते ‘झालं’. निकाल लागला, बक्षीस आलं किंवा नाही आलं, आणि सगळे पुढच्या वर्षीच्या संहितेच्या शोधात.

त्यामुळे नाटकं पाहायला सुरुवात करायची तर आपल्या जवळच्या केंद्रावरच्या प्राथमिक फेरीपासून करावी. तिकीट नाममात्र असतं आणि सलग काही दिवस नाटकं होतात. वेळापत्रक हाती आलं की चार-पाच नाटकं लागोपाठ पाहा. एकच हौशी नाटक पाहून मत बनवलं तर ते बहुधा चुकतं. त्याच रंगमंचावर, तेवढ्याच दिव्यांत पाच वेगवेगळ्या संस्थांनी काय काय केलं हे पाहिलं की कोण संहितेवर विचार करतंय आणि कोण नुसत्या नेपथ्याने डोळे दिपवतंय ते आपलं आपल्याला दिसू लागतं. पुढे ज्या संस्थेला धरून राहायचं ती निवडायलाही हाच उत्तम काळ.

आता पाहण्याबद्दल. व्यावसायिक नाटक तुम्ही पाहता तेव्हा त्याचे बरेच प्रयोग झालेले असतात. हशा कुठे येतो, किती लांबतो, तो ओसरायच्या किती आधी पुढचं वाक्य घ्यायचं, हे नटांच्या अंगवळणी पडलेलं असतं. हौशी नाटक आपण बहुतेक वेळा पहिल्याच प्रयोगाला पाहतो. तालमीत कोणी हसलेलं नसतं, कारण सगळ्यांनी तो विनोद शंभरदा ऐकलेला असतो. प्रयोगात अचानक हशा येतो, नट थांबत नाही आणि पुढचं वाक्य बुडतं. त्या वाक्यात कथानकाचा दुवा असला तर पुढची दहा मिनिटं प्रेक्षागृह चाचपडत राहतं. यासाठी नटाला नावं ठेवू नयेत. दोन प्रयोग मिळाले की हे सुधारतं.

पहिल्या प्रयोगात पाहण्यासारखं वेगळंच असतं. जो बोलत नाही त्या नटाकडे पाहा. तो समोरच्याचं ऐकतोय की आपल्या वाक्याची वाट पाहतोय, हे त्याच्या खांद्यांवरून आणि श्वासावरून कळतं. नाटक चांगलं बसवलंय की नाही याची यासारखी दुसरी खूण नाही. संहितेची निवड पाहा. व्यावसायिक नाटकाला दौऱ्याचा खर्च भागवायचा असतो, म्हणून तिथे चार-पाच पात्रांत भागवण्याकडे कल असतो. पंधरा-वीस माणसांचा ताफा, अवघड भाषा, न चालणारा विषय हे परवडतं ते हौशी संस्थेलाच. असं काही कोणी करत असेल तर त्यातल्या चार उणिवा पोटात घालून ते पाहायला जावं.

बसायचं कुठे? बहुतेक नाट्यगृहांत रंगमंच तीन-साडेतीन फूट उंच असतो. पहिल्या दोन रांगांतून नटांचे पाय दिसत नाहीत, आणि जमिनीवर बसून होणारा प्रवेश अर्धा तुटतो. माईकशिवाय किंवा नुसत्या फूट माईकवर, म्हणजे रंगमंचाच्या पुढच्या कडेला खाली ठेवलेल्या माईकवर, प्रयोग असेल तर चौथी ते आठवी रांग, मधला भाग ही उत्तम जागा. नाटक दुसऱ्यांदा पाहत असाल तर बाल्कनीत बसा. हालचालींची रचना आणि प्रकाशयोजना वरूनच नीट दिसते. रिकाम्या नाट्यगृहात मात्र सगळ्यांनी पुढे सरकून बसावं. सातशे खुर्च्यांत विखुरलेली ऐंशी माणसं एकमेकांना हसवू शकत नाहीत, तीच ऐंशी पहिल्या सहा-सात रांगांत बसली की नटाला प्रेक्षक असल्याचं जाणवतं.

मोबाइल बंद करा, नुसता मूक नको. पडद्याचा उजेड मागच्यांना त्रास देतो हे सगळ्यांना माहीत असतं. कमी माहीत असलेली गोष्ट अशी की हौशी संस्था भाड्याने आणतात ते स्वस्त वायरलेस कॉलर माईक बऱ्याचदा २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, आणि वायफाय, ब्लूटूथ, हॉटस्पॉटही तिथेच. प्रेक्षागृहात दीडशे फोनांचे हॉटस्पॉट आणि ब्लूटूथ सुरू असले की दुसऱ्या अंकात एखादा माईक तुटक येऊ लागतो आणि दोष ध्वनी सांभाळणाऱ्या मुलाच्या माथी जातो. ओळखीचा नट प्रवेश करतो तेव्हा शिट्टी किंवा नावाने हाक मारणं टाळा. त्याचं पहिलं वाक्य जातं, आणि त्याच्यासमोर ताण धरून उभा असलेला दुसरा नटही ढासळतो. टाळी प्रवेश संपल्यावर मनसोक्त द्यावी.

प्रयोगानंतर आत भेटायला जरूर जा, पण दोन मिनिटांसाठी. पालिकेची नाट्यगृहं सत्रांवर दिली जातात. सत्र संपायच्या आत दिवे, लेव्हल (लाकडी चौथरे), फ्लॅट (नेपथ्याच्या उभ्या भिंती), कपडे सगळं बाहेर काढायचं असतं. विंगेत उभं राहून केलेली चर्चा सामान उचलणाऱ्यांच्या वाटेत येते. त्या रात्री फक्त आवडलं ते सांगा. खरी प्रतिक्रिया दोन दिवसांनी दिग्दर्शकाला लिहून पाठवा आणि ती नेमकी असू द्या: आठव्या रांगेत आईचं पात्र पाठमोरं बोललं की ऐकू येत नव्हतं, पत्र कोणी लिहिलं ते दुसऱ्या अंकाच्या मध्यापर्यंत कळलं नाही, मध्यंतरानंतरचा प्रवेश ताणल्यासारखा वाटला. ‘मजा आली’ किंवा ‘थोडं संथ होतं’ यावर तालमीत काही करता येत नाही. वरच्या तीन वाक्यांवर एका संध्याकाळी काम होतं.

पैशांचं म्हणाल तर सगळ्यात मोठी मदत म्हणजे तिकीट लवकर आणि पूर्ण दराने काढणं. एक हिशेब मांडून पाहा. समजा नाट्यगृहाचं भाडं, दिवे, ध्वनी, टेम्पो, रंगभूषा, छपाई आणि लेखकाचं मानधन धरून एका प्रयोगाला ३०,००० रुपये लागतात आणि तिकीट १५० रुपयांचं आहे. खर्च निघायला २०० तिकिटं विकली गेली पाहिजेत. नाट्यगृहाचं भाडं आणि अनामत आधी भरावी लागते, टेम्पोवाल्याला त्याच दिवशी रोख द्यावे लागतात; दारावरच्या विक्रीचे पैसे येतात ते शेवटी. आधीच्या पंधरा दिवसांत ६० तिकिटं गेली तर ९,००० रुपये हातात येतात आणि कोणाला खिशातून घालावे लागत नाहीत. तीच ६० तिकिटं प्रयोगाच्या संध्याकाळी गेली तर हिशेबात रक्कम सारखीच, पण मधल्या पंधरा दिवसांत संस्थेने उसने घेतलेले असतात. आणि पुढचा प्रयोग लावायचा की नाही हे उसनवारी किती झाली यावरच ठरतं.

याच कारणाने नटाकडून पास मागू नये. चाळीस पास म्हणजे वरच्या हिशेबात ६,००० रुपये. नट ओळखीचा असेल तर उलट त्याच्याकडून दोन तिकिटं जास्त घ्या आणि सोबत अशा माणसाला आणा ज्याने हौशी नाटक कधी पाहिलेलं नाही. संस्थेची वार्षिक सभासद योजना असेल तर ती घ्या, नसेल तर सुरू करायला सुचवा. वर्षाला तीन-चार प्रयोगांचे पैसे एप्रिलमध्ये एकदम मिळणं हे संस्थेला कुठल्याही देणगीपेक्षा उपयोगी, कारण त्यासोबत बघणारी माणसंही ठरतात. तिकिटाचा दर ठरवायला बसलात तर एवढं लक्षात ठेवा की माणशी ५०० रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी लागत नाही. हौशी संस्थेने ही मर्यादा ओलांडायचं तसंही कारण नाही.

देणगी द्यायची असेल तर कशासाठी ते ठरवून द्या: ‘दुसऱ्या प्रयोगाचं नाट्यगृहभाडं’, ‘लेखकाचं तीन प्रयोगांचं मानधन’. मोघम देणगी पहिल्या प्रयोगाच्या नेपथ्यात जिरते. संस्थेकडे ८०जीची, म्हणजे देणगीदाराला आयकरात वजावट देणारी, नोंदणी असेल तर करसवलत मिळते. त्यासाठी २,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोख देऊ नका, आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर ही वजावट मिळत नाही हे धरून चाला.

वस्तूंच्या बाबतीत उलट करा. घर आवरताना निघालेलं सामान संस्थेच्या दारात नेऊन टाकू नका. ठेवायला जागा नसणं हेच तर त्यांचं दुखणं आहे. ‘या नाटकाला काय लागतंय?’ असं विचारा. लोखंडी ट्रंक, जुना डायलवाला फोन, कंदील, आरामखुर्ची, नऊवारी, काठी अशी यादी मिळेल. तुमच्याकडे असेल ते उसनं द्या. देताना मोबाइलवर फोटो काढा आणि वस्तूच्या तळाला नाव आणि परत करायची तारीख लिहिलेली चिकटपट्टी लावा. हे संकोचाने राहून जातं, वस्तू हरवते, आणि पुढच्या वेळी तो माणूस काहीच देत नाही.

पैशांपेक्षाही दुर्मीळ गोष्ट म्हणजे तालमीची जागा. सगळे नोकरी-कॉलेज करणारे, म्हणून तालीम रात्री आठ ते साडेदहा. दोन अंकी नाटकाला पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात. जागा किमान २४ बाय १८ फुटांची हवी, म्हणजे रंगमंचाची खरी मापं जमिनीवर चिकटपट्टीने आखून घेता येतात. लहान खोलीत बसवलेलं नाटक मोठ्या रंगमंचावर गेलं की नट चार पावलांची वाट दोन पावलांत संपवून मधेच उभे राहतात. सोसायटीचं सभागृह, क्लासची रिकामी खोली, वाचनालयाचा वरचा मजला असं काही मिळवून देता आलं तर दहा हजारांच्या देणगीपेक्षा मोठं काम होतं. फरशी आणि मोकळ्या भिंतींमुळे आवाज घुमतो. दोन बाजूंना जुन्या सतरंज्या किंवा चादरी टांगल्या की पुष्कळ फरक पडतो. घुमणाऱ्या खोलीत तालीम केलेले नट शब्द खेचून बोलायला शिकतात आणि ती सवय प्रयोगात निघत नाही. शेजाऱ्यांशी तुम्ही स्वतः बोलून ठेवा. लाऊडस्पीकर रात्री दहानंतर नको हा नियमच आहे, पण त्या आधीही संगीतासह होणाऱ्या तालमी कोणत्या तारखांना आहेत ते खाली लिहून लावलं तर तक्रारी येत नाहीत.

हाताने करायची कामं खूप आहेत. दोन कामं बाहेरून आलेल्या माणसाला लवकर जमतात आणि त्यांचा उपयोगही मोठा, म्हणून ती जरा जवळून सांगतो.

पहिलं प्रॉम्प्टिंग, म्हणजे नट अडला की त्याला पुढचे शब्द पुरवणं. शेवटच्या तीन आठवड्यांत नट वही सोडतात तेव्हा तालमीला प्रॉम्प्टर लागतो, आणि सगळे भूमिकेत असल्याने तो कोणाला व्हायचं नसतं. संहितेची स्वतःची प्रत घ्या आणि पेन्सिलनेच खुणा करा, कारण वाक्यं बदलत राहतात. दिग्दर्शकाने ठरवलेले विराम आधी उभ्या रेघेने दाखवून घ्या. नट विसरला म्हणून थांबलाय की विराम घेतोय हे कळलं नाही तर प्रॉम्प्टर चांगला क्षण मोडतो. शब्द द्यायचे तर वाक्यातले पहिले दोन-तीनच, सपाट आवाजात, अभिनय न करता. पूर्ण वाक्य वाचून दाखवलं की नट ते तुमच्या चालीवर म्हणतो. तालीम संपल्यावर कोण कुठे अडकलं त्याची यादी त्या त्या नटाला द्या. एकाच जागी तीन दिवस अडत असेल तर पाठांतर सोडून त्या हालचालीतच काहीतरी अवघडलेलं असतं, आणि ते दिग्दर्शकाच्या कानावर घालावं.

दुसरं वस्तूंचं टेबल. प्रयोगात जी काही हातातली वस्तू लागते, चष्मा, पत्र, कप, पिशवी, तिच्यासाठी विंगेत एक टेबल लावायचं. त्यावर पांढरा कागद पसरून प्रत्येक वस्तूची कड पेनाने आखायची, आत वस्तूचं नाव, पात्राचं नाव आणि प्रवेशाचा क्रमांक लिहायचा. दोन विंगांना दोन टेबलं. नट उजवीकडून जातो आणि डावीकडून येतो तेव्हा त्याचं पत्र डावीकडेच असावं लागतं. तिसऱ्या घंटेआधी एक नजर टाकली की कुठली आखलेली जागा मोकळी आहे ते लगेच दिसतं. टेबलाला हात फक्त एकाच माणसाने लावायचा. नटाने वस्तू परत आणून खिशातच ठेवली किंवा रंगपटात नेली की दुसऱ्या अंकात ती सापडत नाही. म्हणून विंगेत आल्या आल्या हातातून काढून घ्यायची. काचेची बाटली, खरी आग, उघडं पातं टेबलावर येऊ देऊ नका.

दोन प्रवेशांमधल्या अंधारात होणाऱ्या नेपथ्याच्या बदलांना मदत करत असाल तर काळे कपडे, मऊ तळव्याचे बूट, आणि घड्याळ लावून सराव. बदल वीस सेकंदांच्या आत व्हावा. सगळ्यात जास्त वेळ जातो तो रिकाम्या हाताने आत-बाहेर करण्यात. प्रत्येकाने आत जाताना एक वस्तू न्यायची आणि येताना दुसरी आणायची असं कागदावर वाटून घेतलं की वेळ जवळजवळ निम्मा होतो. खुर्ची-टेबलाच्या पायांच्या जागा रंगमंचावर पांढऱ्या चिकटपट्टीच्या छोट्या तुकड्यांनी दाखवा. मोठे तुकडे लावले तर ते पहिल्या रांगेला दिसतात.

फोटो काढता येत असतील तर प्रयोगाऐवजी रंगीत तालमीला काढा. फ्लॅश नको. एलईडी दिव्यांखाली शटर १/५० किंवा १/१०० ठेवून पाहा, नाहीतर फोटोत आडवे पट्टे येण्याची शक्यता असते. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, प्रकाशयोजनाकाराने मुद्दाम दिलेला निळा-पिवळा रंग कॅमेरा पुसून टाकतो. पंधरा चांगले फोटो असले तर दुसऱ्या प्रयोगाची जाहिरात त्यांच्यावरच होते.

आता त्या दुसऱ्या प्रयोगाकडे. तो पहिल्यानंतर तीन-चार आठवड्यांच्या आत लागला पाहिजे. त्यापुढे पाठांतर सैल होतं, कोणाची परीक्षा येते, कोणाची बदली होते, आणि नेपथ्य ठेवायला जागा नसल्याने ते मोडलं जातं. म्हणून नेपथ्य ठेवायची सोय हे पहिलं काम. साधारण १०० चौरस फुटांची कोरडी जागा एका नाटकाला पुरते. फ्लॅट भिंतीला टेकवून उभे ठेवायचे. आडवे रचले की खालच्यांना बाक येतो आणि पुढच्या वेळी सांधे जुळत नाहीत. खाली विटा ठेवल्या की ओल आणि वाळवी दोन्हींपासून बचाव होतो. वाहतुकीचा एक नेहमीचा घोळ: फ्लॅट प्लायवूडच्या मापाने आठ फुटी बनतात, आणि छोटा हत्ती म्हणतात त्या टेम्पोचा हौदा साधारण सात फुटांचा. मागचं फळकूट उघडं ठेवून दोरी बांधावी लागते, रस्त्यात कडा फुटतात. नेपथ्य बनवायच्या आधीच वाहन कोणतं ते विचारून घ्या. नाहीतर चार-चार फुटांचे दोन भाग करून बिजागरीने जोडायला सांगा.

दुसरा प्रयोग मोठ्या नाट्यगृहात लावायचा हट्ट धरू नये. शाळेचं सभागृह, वाचनालय, मंडळाचा हॉल दीडशे माणसांनी भरला की तो भरलेला प्रयोग असतो. अशा जागेची पाहणी तुम्ही करू शकता. टेप, कागद आणि एक संध्याकाळ एवढंच लागतं.

वीज आधी पाहा. हजार वॉटचा एक जुना ‘पार’ (रंगमंचावर झोत टाकणारा) दिवा २३० व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या आसपास घेतो. असे आठ लावले की आठ किलोवॉट, म्हणजे पस्तीस अँपिअर. शाळेचा मंजूर भार पाच किलोवॉट असेल तर पहिल्या पूर्ण उजेडाच्या क्षणाला मेन बसतो आणि सगळीकडे अंधार होतो. एलईडी पार प्रत्येकी दीडशे-दोनशे वॉटचे असतात, आठ मिळून दीड किलोवॉटच्या आत-बाहेर. भाडं थोडं जास्त पडलं तरी अशा जागेत तेच घ्यावेत. ध्वनीची जोडणी दिव्यांच्या बोर्डावरून घेऊ नका, दिवे कमी-जास्त करणाऱ्या डिमरचा गुणगुणाट स्पीकरमध्ये उतरतो. वायरमनला बोलावून मीटरपेटी दाखवून घ्या, अंदाजावर जाऊ नका.

मग आवाज. रंगमंचाच्या मध्यावर एकाला नेहमीच्या आवाजात वाचायला लावा आणि पंखे सुरू ठेवून शेवटच्या भिंतीपाशी उभं राहून ऐका. पंख्यांची घरघर बहुतेक हॉलमध्ये संवाद खाते. नाटकाच्या वेळी पंखे मंद ठेवायचे तर प्रयोग उन्हाळ्याच्या दुपारी लावून चालणार नाही. पत्र्याचं छप्पर असेल तर पावसाळा सोडून द्या. फूट माईक ठेवायचे असतील तर खाली स्पंजचा तुकडा घाला. लाकडी रंगमंचावर नटांची पावलं संवादांपेक्षा मोठी ऐकू येतात.

खुर्च्या शेवटी. माणशी सात चौरस फूट धरा, दीडशे माणसांना हजार-अकराशे चौरस फूट लागतात. पहिली रांग रंगमंचापासून सहा-आठ फुटांवर ठेवा, मधली वाट चार फुटांची, आणि प्रत्येक रांग आधीच्या रांगेपेक्षा अर्धी खुर्ची सरकवून लावा म्हणजे मागच्याला दोन डोक्यांमधून दिसतं. जमीन सपाट असताना रंगमंच अडीच फुटांपेक्षा खाली असला तर सहाव्या रांगेच्या मागे बसलेल्यांना नटांचे चेहरेच दिसतात. मागचं दार शाळेत बहुधा कुलूपबंद असतं. प्रयोगभर ते उघडं राहील आणि त्याच्यासमोर खुर्च्या नसतील याची जबाबदारी एका माणसाने अंगावर घ्यावी. यात तडजोड नको.

दारावर दोघं लागतात. एक तिकीट पाहणारा, दुसरा टॉर्च जमिनीकडे धरून जागेवर नेणारा. उशिरा आलेल्यांना पहिल्या अंधारातच आत सोडायचं, तोपर्यंत बाहेर. दाराला आतून जाड पडदा लावला नाही तर प्रत्येक वेळी बाहेरचा उजेड थेट रंगमंचावर पडतो. कोणी चिडलं तरी गोड बोलून थोपवणारा माणूस दारावर हवा. हे काम बिनमहत्त्वाचं समजून कोणालाही देऊ नये.

तिकिटं विकायला दहा माणसं शोधा, प्रत्येकाने बारा. एकाच उत्साही माणसाने एकशे वीस विकायची ठरवली की चाळीसवर अडतं. विकताना ‘आमच्या संस्थेला मदत करा’ असं न म्हणता नाटक कशाबद्दल आहे ते दोन वाक्यांत सांगा. मदतीसाठी आलेला माणूस एकदाच येतो.

कागदपत्रांत दोन गोष्टी राहून जातात. लेखकाची परवानगी स्पर्धेच्या प्रयोगापुरती घेतलेली असते. पुढच्या प्रत्येक प्रयोगासाठी ती पुन्हा लेखी घ्यायची आणि मानधन ठरवायचं. लेखक हयात नसले तरी त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतात. तसंच जाहीर प्रयोगासाठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित झालेली लागते. प्रमाणपत्राची प्रत आणि प्रमाणित संहिता प्रयोगाच्या जागी सोबत ठेवा. पार्श्वसंगीतात चित्रपटगीतांचे तुकडे असतील तर त्यांचे हक्क वेगळे, म्हणून शक्य असेल तिथे संस्थेतल्याच कोणाकडून नवं संगीत करून घ्यावं.

कोणतं नाटक कुठे लावायचं यातही तुमचं म्हणणं मांडा. शांततेवर चालणारं, कुजबुजीत बोललं जाणारं नाटक उत्सवाच्या उघड्या मंडपात नेलं तर पंधरा मिनिटांत खुर्च्या रिकाम्या होतात आणि नट निराश होतात. तिथे मोठ्या हालचालींचं, गाण्याचं, पाऊण तासाचं काहीतरी हवं. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत रात्र रात्र नाटकं चालतात. गावचं मंडळ ती लावतं, तिकिटं विकतं, नाटकाच्या निमित्ताने घरोघरी पाहुणे येतात. नाटक मोठ्याने, गाण्यांसह, त्या मैदानाच्या मापाने केलेलं असतं आणि बघणाऱ्यांनी त्याला वर्षाच्या वेळापत्रकात जागा दिलेली असते. शहरातल्या शंभर प्रेक्षकांनी एखाद्या हौशी संस्थेसाठी दर तीन महिन्यांचा एक ठरावीक दिवस, समजा दुसरा शनिवार, मोकळा ठेवायचं कबूल केलं, तर संस्थेला नाट्यगृहाची तारीख आधी मागता येते आणि तालमीचं वेळापत्रक त्यावरून मागे मोजत लावता येतं. असे शंभर फोन नंबर गोळा करून त्यांना प्रयोगाच्या तीन आठवडे आधी आणि दोन दिवस आधी असे दोनच संदेश पाठवण्याचं काम तुमच्या आठवड्याच्या तीन-चार तासांत आरामात बसतं. ते आजपासूनही सुरू करता येईल.